चौथ्या रिळावरचा हात

दौऱ्याहून परत येऊन आठवडा झाला. भेटेल तो विचारतो, "कसा झाला दौरा? चित्रपट चालले का?" मी "चालले" म्हणतो आणि गप्प बसतो. जे घडलं ते चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला घेतलं आहे. नांदेडहून बिलोली, तिथून देगलूरमार्गे उदगीर आणि शेवटी देवणी, एवढाच हा पाच दिवसांचा प्रवास. नकाशावर बोटभर अंतर. पण अजून मधूनच काम करता करता माझा हात थांबतो आणि मी नुसता भिंतीकडे बघत बसतो.

नांदेड

नांदेडला आम्ही काही जण मिळून एक चित्रपट मंडळ चालवतो. त्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत आणि कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावणारा मी आहे. परदेशातले, शिवाय आपल्याकडच्या नव्या मुलांनी नटनट्यांच्या नावाशिवाय काढलेले चित्रपट पत्र्याच्या गोल डब्यांतून रेल्वेने येतात. आम्ही ते दाखवतो आणि काही दिवसांनी परत पाठवतो. पडद्यावर खाली इंग्रजी ओळी येतात. त्या मी पडद्याजवळ उभा राहून मोठ्याने मराठीत सांगतो. हे काम मंडळाने मला दिलं, कारण माझा आवाज मोठा आहे. वडील गवंडी होते; परांचीवरून खाली हाक मारायची सवय घरात सगळ्यांनाच.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. गावाकडे जत्रेत तंबूत लागणारे देवादिकांचे सिनेमे तेवढे ठाऊक होते. मंडळातला पहिला परदेशी चित्रपट पाहिला तेव्हा दिवे लागल्यावरही मी जागेवरून उठलो नाही. गाणं नाही, मारामारी नाही, दुष्ट माणूस नाही. मला वाटलं, एखादं रीळ लावायचं राहिलं. बाजूच्या प्राध्यापकांना तसं विचारलंही. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

या वेळी तीन चित्रपट आले होते. त्यातला एक मला फार आवडला. थंड समुद्राकाठचा कुठला तरी देश. मिठागरावर राबणारा एक म्हातारा आणि अंथरुणाला खिळलेली त्याची बायको. मुलगा शहरातून येतो, आईला दवाखान्यात ठेवू म्हणतो, म्हातारा नाही म्हणतो. एवढीच गोष्ट. माझ्या मते आजवर आमच्याकडे आलेल्या चित्रपटांत हा सगळ्यात चांगला.

पण त्याच्या चौथ्या रिळात एक अडचण होती. सोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'स्नानाचा प्रसंग, विवस्त्र स्त्री.' अशा वेळी आमच्याकडे एक पद्धत आहे. खाजाभाई, म्हणजे मशीन चालवणारे आमचे जुने कारागीर, भिंगापुढे पंजा धरतात. पडदा काळा होतो, बोटांच्या फटींतून थोडा लाल उजेड येतो. प्रसंग संपला की हात बाजूला. आवाज मात्र चालूच असतो. नांदेडच्या दोन्ही खेळांना या अंधारात नुसता पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला आणि मागच्या रांगेतून पोरांनी शिट्ट्या मारल्या.

त्या आधीच्या दृश्यात म्हातारा आपल्या लग्नाचा फोटो बघत असतो. त्यावरून मंडळाच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की झाकलेला भाग म्हणजे म्हाताऱ्याचं तारुण्यातलं स्वप्न आहे, त्यात त्याची तरुण बायको समुद्रात न्हात असणार. मला ते इतकं पटलं की दौऱ्यासाठी काढलेल्या पत्रकात मी ते माझ्या शब्दांत लिहून छापूनही टाकलं.

दौऱ्याचं कारण सुमनबाई. या बाईंनी मला पाचवी ते सातवी शिकवलं. पुढे कॉलेजचा फॉर्म स्वतः आणून दिला आणि वडिलांना समजवायला आमच्या घरी तीनदा आल्या. आता त्या देवणीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांचं पत्र आलं होतं:

'पाऊस नाही. दहावीच्या मुली पाण्यावर आणि खडी फोडायच्या कामावर चालल्या आहेत. चौदा उरल्या. आमचे अध्यक्ष दहावीचा वर्गच बंद करायचा म्हणतात. पालकांना शाळेत बोलावलं तर कुणी येत नाही, सिनेमा म्हटलं तर येतील. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येईल असा एक चांगला चित्रपट घेऊन ये. मधे रीळ बदलताना मी त्यांच्याशी बोलेन. हा वर्ग एकदा गेला की माझ्या हयातीत परत सुरू होणार नाही.'

मी उलट टपाली कळवलं, 'मिठागराचा चित्रपट आणतो. मी स्वतः हमी देतो.'

निघायच्या सकाळी पुलावरून खाली पाहिलं. गोदावरीच्या पात्रात लोक झिरे खणून वाटीने पाणी भरत होते. नदीत माणसं गुडघ्यापर्यंत उतरलेली, पण मातीत.

बिलोली

एस.टी.च्या टपावर मशीन चढवताना कंडक्टरने डब्यांवर टिचकी मारून विचारलं, "तूप हाय का?"

खाजाभाई म्हणाले, "फिलीम हाय, भाऊ."

"तूप असतं तर जवळ घेऊन बसलो असतो. फिलीम जाऊ द्या वर."

बिलोलीला उतरलो तर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर घागरींची रांग. हंडे, कळश्या, तेलाचे डबे, एक फुटकी बादली. माणूस एकही नाही. मी थक्क होऊन बघत राहिलो. टँकर यायला अवकाश होता, भांडी नंबर धरून उभी होती आणि त्यांच्या मालकिणी घरी स्वयंपाक करत होत्या.

दुपारी तिथे आम्ही दुसरा चित्रपट दाखवला. एका मोठ्या परदेशी शहरात पाव मिळत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत लोक एका दुकानासमोर रांगेत उभे, आणि त्या रांगेत ओळखी होतात, भांडणं होतात, एक बाई बेशुद्ध पडते. नांदेडला तो पाहताना लोक गंभीर झाले होते. बिलोलीत दहाव्या मिनिटाला हशा सुरू झाला.

"येडे हायत का काय हे लोक? दिसभर उभे!"

"पिशवी ठेवायची, वर दगुड ठेवायचा आन् घरी जायचं."

"तिथं दगुड भेटत नसतील वो."

"मग चप्पल ठेवावं की!"

मी ओळी सांगता सांगता थांबलो. इतक्या दुःखाच्या चित्रपटाला हसणारे लोक पाहून मला आधी राग आला. मग ती बेशुद्ध पडणारी बाई आली आणि सगळे शांत झाले. कुणीतरी हळूच म्हणालं, "हिच्या घरचं कुणी न्हाई का सोबत?" तेव्हा लक्षात आलं, रांग कशी असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. हा चित्रपट कुठे लागला तर अवश्य बघा. शक्य असेल तर ज्यांनी रांगा लावल्या आहेत अशांच्या सोबत बघा.

दुसऱ्या दिवशी मिठागराचा चित्रपट लावला. चौथं रीळ आलं, खाजाभाईंनी पंजा धरला, अंधार झाला. मी शिट्ट्यांची वाट बघत वहीत डोकं घालून उभा राहिलो. शिट्टी आली नाही. तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज, ओतल्याचा आवाज, भांड्यात ठिबकल्याचा आवाज. शे-दीडशे माणसं श्वास धरून ऐकत होती. हात बाजूला झाल्यावर एक म्हातारा उठून मशीनजवळ आला.

"ते पान्याचं पुन्यांदा लावा की."

खाजाभाई गोंधळले. "बाबा, त्यात बघण्यासारखं काही नाही."

"बघायचं कुनाला हाय? ऐकायचं हाय."

रीळ मागे फिरवता येत नाही, असं मी त्यांना खोटंच सांगितलं.

उदगीर

देगलूरवरून येताना वाटेतल्या कडुलिंबांना पानंच नव्हती. गुरांसाठी शेंड्यापर्यंत छाटलेली. एके ठिकाणी रस्त्याकडेला जिल्ह्याच्या हद्दीची पाटी होती, रंग नवाकोरा. कंडक्टर मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "आलं बरं का लातूर. आदुगर उस्मानाबाद व्हतं. साहेब नवे आले, गाड्या नव्या आल्या."

मागून एक आजी म्हणाली, "पानी कधी येनार?"

"त्याची फाईल जुन्या जिल्ह्यात ऱ्हायली असंल, आजी."

उदगीरला आम्ही एका व्यापाऱ्याच्या गोदामात खेळ केला. तिथल्या बायकांनी "ऊटा आयता?", जेवण झालं का, असं कानडीत विचारत जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर तेल. ताट नव्हतं, पळसाच्या पत्रावळी होत्या. लग्नकार्य आहे का, असं मी विचारलं, तर यजमानीण म्हणाली, "दोन महिने झाले, रोजच लगीन. ताटं धुवायला पानी कुठलं?"

तिथे दाखवलेला चित्रपट आपल्याच देशातला. एका तरुणाने मित्रांकडून कॅमेरा मागून काढलेला. गावोगाव भांड्यांना कल्हई लावत फिरणारं एक जोडपं, आणि घरोघरी स्टील आल्यावर त्यांना कुणी हाक मारेनासं होतं. खेळ संपल्यावर एक म्हातारे पुढे आले. कधीकाळी तेही हेच काम करायचे.

"पिच्चर लई भारी. पर त्या कल्हईवाल्या पोराचा हात खोटा हाय. कापूस असा न्हाई फिरवत."

त्यांनी माझ्या वहीवर उपरण्याने कसा हात फिरवायचा ते दाखवलं. त्यांचं बोलणं खरं, तरीही चित्रपट बघावाच असा आहे. शेवटी ती बाई विझलेल्या भट्टीजवळ बसून राहते, त्या दृश्यात आमचं गोदाम इतकं गप्प होतं की मशीनच्या पट्ट्याची करकर ऐकू येत होती.

त्या करकरीने खाजाभाईंचा जीव खालीवर होत होता. दाखवून झालेली फिल्म गुंडाळून घेणारं खालचं चाक ज्या पट्ट्यावर फिरतं, तो पट्टा ढिला झाला होता. नवा नांदेडलाच मिळणार.

मी म्हणालो, "उद्याचा खेळ फार महत्त्वाचा आहे, खाजाभाई. बाईंचा वर्ग त्यावर अवलंबून आहे."

"फिकर नक्को, सर. तुटला तर हातानं फिरवतो. अल्लाहनं दोन हात कशाला दिले?"

दोन्ही हात त्यात गुंतले तर भिंगावर कोण धरणार, हा प्रश्न त्या वेळी दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

देवणी

देवणीच्या गुरांचं नाव सगळीकडे. काळे-पांढरे ठिपके, रुंद कपाळ, लोंबते कान. आम्ही पोचलो तेव्हा गावात एक वासरू दिसेना. सगळी चारा छावणीवर. रिकाम्या दावणींचं गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई दारातच उभ्या होत्या. मी पाया पडलो. केस पुष्कळ पांढरे झाले होते, आवाज तोच. आत बसवून त्यांनी पितळी तांब्या पुढे ठेवला आणि विचारलं, "हात धुणार की पिणार?"

मला वाटलं, गंमत करतात. त्यांनी पुन्हा विचारलं. एका पाहुण्याला एकच तांब्या. धुवायला घेतला तर प्यायला संध्याकाळी. मी प्यायलो. हात राखेने पुसले. ज्या बाईंनी लहानपणी मला हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवू दिलं नाही, त्यांच्याच घरी.

जेवताना मी त्यांना चौथ्या रिळाबद्दल सांगितलं. "एक प्रसंग आहे, तो झाकतो आम्ही."

"काय आहे त्यात?"

"स्वप्न आहे. म्हाताऱ्याचं, तारुण्यातलं."

"तू बघितलंस?"

"नाही, बाई. तेवढं झाकलेलंच असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गणिताचं उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली की त्या असंच बघायच्या. पण तेवढ्यात शिवलिंगअप्पा आले आणि बोलणं राहिलं.

अप्पा म्हणजे शाळेचे अध्यक्ष. आडतीचं मोठं दुकान, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म. आवाज हळू, पण गावात त्यांचा शब्द शेवटचा.

"मास्तर, फिलीम बरी हाय ना?"

"उत्तम आहे, अप्पा. मी तीन वेळा पाहिलाय."

"काय हाय, मी बायकापोरींना घरून घेऊन यायलो. माझी सून बी येनार हाय. त्यात काही नंगंपंगं निघालं तर बाईंना आधीच सांगितलंय मी, त्याच दिवशी दहावीला कुलूप. मग माझ्याकडं कुनी यायचं न्हाई."

मी म्हणालो, "माझी हमी."

खेळ दुपारी एकला ठेवला होता, म्हणजे मुलींना दिवसाउजेडी घरी जाता येईल. शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना आणि दाराला घोंगड्या बांधल्या. आत भट्टी. सतरंजीवर पुढे मुली, त्यांच्या मागे आया आणि म्हाताऱ्या, भिंतीकडेला बाप्ये. अप्पांना खुर्ची. त्यांच्यापासून दोन हातांवर, बायकांच्या कडेला, त्यांची सून. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. एवढे पालक शाळेत मी माझ्या लहानपणीही पाहिले नव्हते. बाई सारख्या मोजत होत्या.

तीन रिळं सुरेख गेली. म्हातारा मिठाच्या ढिगावरून घसरला तेव्हा मुली खुदकन हसल्या. मुलगा आईला दवाखान्यात न्यायचं म्हणाला तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "आला मोठा शाना."

चौथं रीळ सुरू झालं आणि पट्टा तुटला. फट्‍ असा आवाज आला. चित्रपट थांबला नाही, कारण खाजाभाईंनी त्याच क्षणी खालचं रीळ हाताने फिरवायला घेतलं. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने फिल्म, जमिनीवर पडू नये म्हणून. पडद्यावर म्हाताऱ्याने लग्नाचा फोटो हातात घेतला.

"सर!" खाजाभाई ओरडले. "सर, हात!"

मी पडद्याजवळ. मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मधे दीडशे माणसं मांडीला मांडी लावून. मी एक पाऊल टाकलं, एका मुलीच्या बोटांवर पाय पडला, ती किंचाळली. मी थांबलो. आणि मी वळून पडद्याकडे पाहिलं.

स्वप्न नव्हतं. तरुण बायको नव्हती. समुद्र नव्हता.

म्हाताऱ्याने पत्र्याच्या टबात ऊन पाणी ओतलं. आपल्या बायकोला उचलून आणलं. तिचे कपडे एकेक करून काढले, सवयीने, बोलत नाही, घाई नाही. बरगड्या दिसणारं, सुरकुतलेलं, पाठीवर बऱ्या न झालेल्या जखमा असलेलं म्हातारं शरीर. त्याने आधी स्वतःच्या मनगटावर पाणी घेऊन पाहिलं, मग तिच्या पायावर सोडलं. ती त्याच्याकडे बघत होती. तो तिच्या पाठीकडे. एवढंच. तीन-चार मिनिटं.

हे मी झाकत होतो. यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या होत्या. याबद्दल 'तारुण्यातील स्वप्न' असं मी छापलं होतं, आणि ते पत्रक त्या क्षणी माझ्या खिशात होतं.

खोलीत काय चाललं आहे याचं भान यायला मला वेळ लागला. मुलींनी माना खाली घातल्या होत्या. मग एकेक मान वर आली. मागून एक म्हातारी पडद्यावरच्या माणसाला म्हणाली, "हळू रे, कानात जाईल पानी."

दुसरी म्हणाली, "काखंत धू. काखंत चिघळतं."

"पाठ कोरडी कर आधी."

त्या शेजारच्या घरात बोलावं तशा बोलत होत्या. आणि तेवढ्यात अप्पा उठले. काही न बोलता, धोतराचा सोगा धरून, भिंतीकडेने दाराकडे गेले. घोंगडी वर झाली, पांढरंफेक ऊन आत आलं, पडद्यावरचं सगळं पुसून गेलं. घोंगडी खाली पडली. म्हातारा बायकोचे केस पुसत होता. अप्पा गेले होते.

बाईंचा चेहरा मला दिसला नाही. बरं झालं.

रीळ संपलं, दिवा लागला. इथेच त्यांनी बोलायचं ठरलं होतं. भिंतीकडचा एक माणूस उभा राहिला. "बाई, पोरींना हे दाखवायला बोलावलं का तुम्ही? अध्यक्ष उगं उठून गेले का?"

बाई तोंड उघडायच्या आत ती मघाची म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "गप बस, माधवा. तुझी माय शेवटचे सा महिने कुनी धुतली? तू? मी धुतली. तू अंगनात बसून बिडी वढत व्हतास."

माधवराव खाली बसले. बाई उभ्या राहिल्या. मोठं भाषण लिहून आणलेला कागद त्यांनी घडी करून कमरेला खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या वर्गात चौदा मुली आहेत. मला त्या मार्चपर्यंत द्या." मग मला म्हणाल्या, "पुढचं रीळ लाव."

उरलेला चित्रपट खाजाभाईंनी हाताने फिरवत दाखवला. संपल्यावर त्यांची बोटं वळत नव्हती. मी विचारलं, "खाजाभाई, तुम्हाला माहीत होतं का हे?"

"नाही, सर. हातावर काय दिसतंय? नुसता उजेड. आन् मी तर डोळे मिटून घ्यायचो. परायी औरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि मी अप्पांच्या घरी गेलो. बाईंना झोप लागली नव्हती हे दिसत होतं. वाटेत मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "एकदा पुरे. हमी देताना एवढं बोलला असतास तर बरं होतं." ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

अप्पा ओट्यावर पूजा आटोपून बसले होते. आम्हाला सतरंजी दिली. मी सुरुवात केली, "अप्पा, चूक माझी आहे. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं. तो प्रसंग मीही—"

"मास्तर, तुम्ही तीन बार पाहिलंय म्हनलात."

"पाहिलाय. तेवढा भाग झाकून."

अप्पा पुढे सरकले. "म्हंजे तुम्ही न पाहताच मला सांगितलं."

"हो."

"मी आडतीत माल न पाहता भाव सांगितला तर लोक मला जोड्यानं मारतील."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही काल रागाने उठून गेलात. तुमचा राग समजू शकते. पण मुलींचा त्यात—"

"राग?" अप्पा म्हणाले. "राग कुनाला आला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, माझी सून दोन हातांवर बसली व्हती. समोर असं उघडं अंग. सासरा आन् सून दोघं मिळून हे बघत्यात का कुठं? दोघांतल्या एकाला उठावंच लागतं. मी बसून ऱ्हायलो असतो तर तिला उठून जावं लागलं असतं. अन् ती लई मन लावून बघत व्हती." ते थांबले. "म्हनून मी उठलो."

एवढ्या दीडशे माणसांत हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या मंडळात चित्रपटांवर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत. त्या चित्रपटासाठी यापेक्षा मोठी गोष्ट केलेला प्रेक्षक मी पाहिलेला नाही, आणि त्याने तो अर्धाच पाहिला होता.

म्हणून वाचकांना सांगतो, मिठागराचा हा चित्रपट कुठेही आला तर सोडू नका. आणि कुणी भिंगावर हात धरत असेल तर त्याला उठून विचारा की तू स्वतः पाहिलं आहेस का.

बाईंनी विचारलं, "मग वर्गाचं, अप्पा?"

"वर्ग ऱ्हाऊ द्या. पर पाऊस पडंस्तोवर सकाळी सातला भरवा आन् धाला सोडा. त्याच्या पुढं टँकर येतो, पोरी थांबनार न्हाईत. त्या माधवाला मी बघतो."

बाई उठायला लागल्या. तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला. पदराआडचा, बारीक, पण स्पष्ट.

"मामा, मी नववी पास हाय."

अप्पा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काल पडद्याकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर जे असेल तेच होतं. या घरात सुनेने सासऱ्याशी परक्यांदेखत बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं.

"मग?" ते म्हणाले.

"दहावी ऱ्हायली."

"पदर घेऊन वर्गात बसनार हाईस?"

मग उत्तर आलं, "वर्गात तुम्ही कुठं असताव, मामा?"

खाली रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला आणि बायका पळत सुटल्याचा आवाज आला. अप्पांनी तिकडे एकदा पाहिलं. मग बाईंकडे बघून म्हणाले, "घाला हिचं नाव."

बाईंनी पिशवीतून हजेरीचं पुस्तक काढलं. माझ्याकडून पेन घेतलं. "काय लिहू?"

"गौरी," अप्पा म्हणाले. लग्नात त्यांच्याच घराने ठेवलेलं नाव.

"न्हाई, बाई," आतून आवाज आला. "दाखल्यावर महानंदा हाय. महानंदा लिवा."

बाईंनी नाव लिहिलं. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने अप्पांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.